दसऱ्याचं फॉर्मॅट

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकान जरा लवकर उघडते. घाटंजीच्या बसस्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि त्या दिवशी गिऱ्हाईक येणार म्हणजे येणारच. हळदीकुंकवाची बोटं लागलेले, कीबोर्डात आपट्याचं पान अडकलेले लॅपटॉप पिशव्यांतून बाहेर निघतात आणि सगळ्यांची तक्रार एकच असते. "मॅडम, वायफाय गेलं."

बाहेरगावच्या वाचकांना ही भानगड कळायची नाही, म्हणून सांगते. दसऱ्याला आमच्याकडे विळे, कुदळी, वखराची पास सगळं घासून पूजेला मांडतात. अलीकडे त्या रांगेत लॅपटॉपही जाऊन बसला. आता विळा राखेनं घासता येतो, लॅपटॉप कसा घासणार? मग लोक त्याला आतून घासतात, म्हणजे फॉर्मॅट मारतात. पोटातलं जुनं सगळं काढायचं, पेनड्राइव्हनं नवं विंडोज टाकायचं, की यंत्र न्हाऊन-धुऊन पाटावर बसायला मोकळं. ही रीत कुणी काढली देव जाणे. पण तालुक्यात ती अशी पसरली आहे की कुठल्या जुन्या पोथीत शोधली तर सापडेल असं मला कधीकधी वाटतं.

वायफाय का जातं तेही सांगते. लॅपटॉपच्या आत बिस्किटाएवढं एक कार्ड असतं. हवेतलं नेट पकडायचं काम त्याचं. पण कार्डाची भाषा वेगळी आणि विंडोजची वेगळी, त्यामुळे दोघांच्या मधे एक दुभाष्या लागतो. आमच्या धंद्यात त्याला ड्रायव्हर म्हणतात. फॉर्मॅट मारताना जुन्या सामानाबरोबर हा दुभाष्याही घराबाहेर जातो. नव्या यंत्रांत तो आपोआप परत येतो, जुन्यांत कधी येतो, कधी येत नाही. कार्ड धडधाकट असतं, पण त्याचं म्हणणं कुणाला कळत नाही, आणि लोक म्हणतात कार्ड मेलं. नवा दुभाष्या नेटवरून आणावा, तर नेटच बंद. पेटीची किल्ली पेटीत राहावी तशी गत. यावरच माझ्या घरचा दिवाळीचा फराळ होतो, तेव्हा मी या रीतीला नावं ठेवत नाही.

या धंद्यात मी एक नियम पाळते. यंत्र आणतो त्याला विचारायचं नाही, यंत्र वापरतो त्याला विचारायचं. हा नियम मला एका अडत्यानं शिकवला, न शिकवता. शेटजी भला माणूस, पण मोठ्या आवाजाचा. दुकानातल्या कॉम्प्युटरला फॉर्मॅट मारल्यापासून वायफाय येत नाही, कार्ड बदला, म्हणून माझ्यामागे लागले. मी ड्रायव्हर तपासला, बरोबर होता. कार्ड बदललं, तरी नेट नाही. शेटजी सांगत होते, मी ऐकत होते. शेवटी ते चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा मी त्यांच्या मुनिमजींना विचारलं, कारण कॉम्प्युटरवर रोज बसायचे ते. मुनिमजी हळूच म्हणाले, "मॅडम, थो नेटचा डब्बा शेटजींनी लोखंडी कपाटात ठेवला. महाग आहे म्हनते, चोरीले जाईन." पत्र्याच्या कपाटात, कुलपात! तिथून नेट बाहेर येणार कसं? मी विचारलं, "मंग सांगितलं काहून नाही?" ते म्हणाले, "इचारलं कोनं?"

तेव्हापासून हा नियम. आणि तरीही मागल्या वर्षी हिरामणभाऊंच्या लॅपटॉपच्या वेळी मी तो विसरले.

हिरामण जाधव आमच्या तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरचे. कापूस, सोयाबीन, थोडी तूर. बोलके इतके की 'कसे आहात' विचारायची सोय नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले, सोबत त्यांची मुलगी निकिता. लॅपटॉप तिचा, दोन वर्षांपूर्वी माझ्याकडूनच जुना घेतलेला. निकिताला जन्मापासून ऐकू येत नाही. यवतमाळला मूकबधिरांच्या शाळेत शिकली, आता घरी शिवणकाम करते. तांड्यावरच्याच काय, आजूबाजूच्या गावांतल्या बायाही तिच्याकडे ब्लाउज टाकतात. लॅपटॉपवर ती नव्या कटिंगचे व्हिडिओ पाहते.

"लोहारा गावाले कंपनीत माहा पुतन्या आहे," हिरामणभाऊ सांगू लागले, "थ्याले म्हटलं, बावा, पोळ्याले बैल धुतो, दसऱ्याले इळे घासतो, मंग पोरीच्या मशिनीनं काय घोडं मारलं? देल्लं थ्यानं फॉर्मॅट मारून. नवी कोरी केली. अन् आता वायफायच नाही!"

"एवढी कायची घाई होती फॉर्मॅटची?"

त्यावर त्यांनी आवाज खाली आणला. निकितासाठी उमरखेडचं स्थळ आलं होतं. मुलगाही तिच्यासारखाच, ऐकू न येणारा, बॅनर छापायच्या दुकानात कामाला. दोन्ही घरच्या मोठ्यांचं जवळपास ठरलं होतं. रविवारी मुलाकडची मंडळी तांड्यावर येऊन होकार घेणार होती. पण निकितानं अट घातली होती. आधी मी त्याच्याशी स्वतः बोलणार, मग हो की नाही ते सांगणार. ते बोलणं उद्या संध्याकाळी ठरलं होतं. शुभ काम आहे, तर यंत्र साफसूफ असावं, म्हणून बापानं मायेनं ते धुऊन काढलं आणि पोरीची वाचाच धुऊन टाकली.

"मंग फोनवरून बोलू द्या नं," मी म्हणाले.

निकिता आमच्या ओठांकडे पाहत होती. तिनं एका हातात हवेतला फोन धरला आणि दुसरा हात अर्धवट हलवून दाखवला, मग मान हलवली. मला कळलं. ही माणसं दोन हातांनी बोलतात. एका हातात फोन धरला की अर्धं वाक्य तोंडातच राहणार. आणि घरात चांगला फोन एकच, हिरामणभाऊंचा. तांडा खोलगट जागी असल्यामुळे त्याला रेंज फक्त अंगणातल्या निंबाच्या फांदीवर. फोन पिशवीत घालून फांदीला टांगायचा, त्याचं हॉटस्पॉट चालू करायचं आणि खाली घरात लॅपटॉपनं ते पकडायचं, अशी त्यांची व्यवस्था. तेव्हा सगळी भिस्त त्या बिस्किटाएवढ्या कार्डावर. लग्नाची बोलणी करायला निंबावर कोण चढणार?

मी कामाला बसले. कार्डाच्या नावापुढे पिवळी खूण होती, म्हणजे यंत्राला कार्ड दिसतंय पण ओळखता येत नाही. हे बरं लक्षण. प्रत्येक कार्डावर त्याच्या कंपनीचा आणि जातीचा नंबर असतो आणि दुभाष्या नसला तरी तेवढा नंबर ते सांगतं. तो वाचला, माझा फोन केबलनं लॅपटॉपला जोडून त्याचं नेट दिलं, त्या नंबरचा ड्रायव्हर उतरवून घेतला. थोड्या वेळात दुकानाचं वायफाय पकडलं. निकितानं दोन्ही हात वर करून पंजे हलवले. ती त्यांची टाळी, हे मला तिनंच मागे शिकवलं होतं. मी खूश, हिरामणभाऊ खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसणार तोच हिरामणभाऊंचा फोन, तांड्याबाहेरच्या रस्त्यावर चढून केलेला.

"मॅडम, थे तं पुन्हा गेलं जी!"

दुरुस्त केलेलं काम परत आलं की माझं टाळकं सरकतं. पहिल्यांदा बिघडलं ते यंत्राचं नशीब, दुसऱ्यांदा बिघडलं तर माझी इज्जत. आणि इथे संध्याकाळ दूर नव्हती. आज बोलणं झालं नाही तर रविवारी मंडळी दारात येणार, पंगत बसणार, आणि भरल्या अंगणात 'मी अजून बोलले नाही' हे सांगायला निकिताला कुणी अवकाश देणार नव्हतं. मोठी माणसं हो म्हणून मोकळी झाली असती. मी डबा तसाच बंद केला, हत्यारांची बॅग घेतली आणि स्कूटी काढली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनची मळणी चालू होती, नाकातोंडात कुटार जात होतं, आणि मी वाटभर त्या लोहाऱ्याच्या पुतण्याचा उद्धार करत होते. बिचाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता हे नंतर कळलं.

हिरामणभाऊंच्या ओसरीवर शिलाई मशीन आणि तिच्या शेजारी स्टुलावर लॅपटॉप. दोघांनाही कुंकवाची बोटं, दोघांवर झेंडूचं एकेक फूल. निंबाला पिशवी टांगलेली. निकिताची आई सकूबाई पदर सावरत पाणी घेऊन आली. तिचा चेहरा घरात कुणी आजारी असावं तसा झालेला.

मी लॅपटॉप उघडला. ड्रायव्हर जागेवर, पिवळी खूण नाही, कार्ड ओळखलेलं. आणि नेटची यादी रिकामी. मी बंद करून चालू केला. ड्रायव्हर काढून बॅगेतल्या पेनड्राइव्हवरून पुन्हा टाकला. जुन्या तारखेचा टाकून पाहिला. तळाचं झाकण उघडून कार्डाच्या दोन बारीक तारा निसटल्या का तेही पाहिलं. सगळं जिथल्या तिथे, आणि यादी रिकामीच.

"काल घरी आल्यावर चालू होतं का?"

"हो जी, चांगलं चालू होतं," हिरामणभाऊ.

"मंग कोणी काही केलं का?"

"नाही जी, कोनी काहीच केलं नाही," हिरामणभाऊ.

"निकितानं काही दाबलं?"

"तिले काय समजते त्यातलं!" पुन्हा हिरामणभाऊच.

निकिता त्यांच्या बाहीला ओढत होती, लॅपटॉपकडे बोट करत होती. त्यांनी तिचा हात प्रेमानंच बाजूला केला आणि 'थांब' अशी खूण केली. बावीस-तेवीस वर्षांची पोर, पण तिच्या वतीनं बोलायची त्यांना इतकी सवय झालेली की आपण तिला गप्प करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. तिच्या तब्येतीचं डॉक्टरला ते सांगणार, तिच्या आवडीचं दुकानदाराला ते सांगणार. त्यांना खुणा मोजून चारपाच येत होत्या. जेव, झोप, ये, थांब. आणि आता स्थळालाही तेच सांगणार होते.

मला लोखंडी कपाटातला डबा आठवला. मुनिमजी आठवले. आणि माझाच मला राग आला.

"भाऊ, तुम्ही जरा त्या खाटेवर बसा," मी म्हणाले. "आता तुम्ही काही सांगू नका."

"मंग कोन सांगन?"

मी लॅपटॉपवर साधं लिहायचं पान उघडलं, त्यावर 'काय काय झालं?' असं टाइप केलं आणि स्टूल निकिताकडे वळवलं. नव्या विंडोजमध्ये मराठी टाकलेली नव्हती, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. तिनंही तसंच लिहिलं, पण माझ्या दुप्पट वेगानं.

'काल दिवा निळा. आज सकाळी दिवा केशरी. याडीने पुसल्यावर केशरी.'

याडी म्हणजे आई. बंजाऱ्यांच्या गोरबोलीतला शब्द. मी पाहिलं. कीबोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात मोहरीएवढा एक दिवा, खरंच केशरी. इतका वेळ माझ्या नाकासमोर होता. पण मी कानानं काम करत होते, भाऊंचं ऐकत होते.

तिचं लिहून झालं नव्हतं. खाली आणखी एक ओळ आली.

'बाला तीनदा सांगितलं. बा हाताकडे बघत नाही.'

मी सकूबाईंना म्हणाले, "सकाळी कसा पुसला, दाखवा बरं." तिनं भीतभीत पदराचं टोक घेतलं, आणि विळ्याचं पातं पुसतात तसं लॅपटॉपच्या पुढच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढलं. छान, निगुतीनं. त्याच कडेला जुन्या लॅपटॉपांत एक सरकतं बटण असतं, नखाएवढं. ते सरकवलं की कार्ड झोपतं. मग तुम्ही आत कितीही ड्रायव्हर टाका, ते काही उठत नाही. बटणाच्या खाचेत कुंकू बसून ते कडेच्याच रंगाचं झालेलं, म्हणून माझ्याही नजरेतून सुटलं. पहिलं दुखणं पुतण्याच्या फॉर्मॅटचं, ते मी काल काढलं. हे दुसरं सकाळच्या पूजेचं.

मी नखानं बटण सरकवलं. दिवा निळा झाला. यादीत निंबावरच्या फोनचं नाव उमटलं.

सकूबाईंनी तोंडावर हात ठेवला. "मायऽ! म्या तं चांगलं म्हनून पुसलं नं वो. पोरीचं चांगलं काम आहे म्हनून."

"चांगलंच केलं तुम्ही," मी म्हणाले, आणि मला हसू आवरेना. बटणावर मी चिकटपट्टी लावून दिली. आता कुंकू पट्टीवर लावा म्हटलं. ती लावते, मी नंतर पाहिलं.

हिरामणभाऊंनी विचारलं, "पोरीनं काय लिवलं?" मी स्टूल त्यांच्याकडे वळवलं. इंग्रजी अक्षरं त्यांना नीट वाचता येत नाहीत, म्हणून मी वाचून दाखवलं. दिव्याचं, आणि नंतरचंही. ते वाकून तो मोहरीएवढा दिवा बघत राहिले.

मी निघणार होते, पण सकूबाईंनी भाकरी टाकल्या आणि मला बसवून घेतलं. दिवस कलताना उमरखेडचा मुलगा पडद्यावर आला. सडपातळ, केसांना पाणी लावून भांग पाडलेला, घाबरलेला. निकितानं स्टूल थोडं मागे सारलं, दोन्ही हात मोकळे केले आणि सुरू झाली.

मला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण ओसरी आवाजानं भरून गेल्यासारखी वाटत होती. तिचे हात भराभर जात होते, त्याचे आधी अडखळत, मग सुटत. एकदा ती हसली. एकदा तिनं भुवई चढवून तीच खूण दोनदा केली, तेव्हा तो थांबला. मग तिनं आपल्या शिलाई मशीनवर हात ठेवला आणि काहीतरी विचारलं. थोडकंच, पण ते विचारताना तिची मान ताठ होती.

तो उठून दिसेनासा झाला. सकूबाई माझ्या दंडाला धरून उभी होती, तिची बोटं रुतली. "गेला का वो?" ती पुटपुटली.

तो गेला नव्हता. पडदा हलला, भिंती फिरल्या, त्यानं आपला फोन उचलून खोलीच्या एका कोपऱ्याकडे वळवला होता. खिडकीजवळ एक पत्र्याची पेटी होती. त्यानं फोन कुठेतरी टेकवला, पेटी ओढत बाजूला केली, आणि त्या रिकाम्या जागेवर भिंतीलगत वाकून विती टाकू लागला. एक, दोन, तीन. मग वळून त्यानं बोटं दाखवली. निकितानं लगेच आपली मशीन या टोकापासून त्या टोकापर्यंत वितींनी मोजली, बोटं त्याच्यासमोर धरली, आणि दोघंही आपापल्या ठिकाणी हसत सुटले. मशीन बसत होती. खिडकीचा उजेडही तिच्यावर पडणार होता.

माझे डोळे भरून आले, ते मी लपवलं नाही. कार्ड मी पुष्कळ दुरुस्त केली, पण त्यातून काय जातं-येतं ते बघायला या धंद्यात कुणी थांबत नाही. दिवा निळा झाला की आम्ही बॅग बंद करतो. आता नव्या लॅपटॉपांत ते सरकतं बटणच नसतं, ड्रायव्हरही आपलं आपण येतात. काही वर्षांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात कुणी येणार नाही. त्याचं वाईट वाटतं. पण एवढं बघून ठेवलं, ते पुरेल मला.

बोलणं संपलं तेव्हा हिरामणभाऊ माझ्याजवळ आले. "मॅडम, काय म्हने पोरगी? हो म्हने का?"

"मले कायले विचारता?" मी म्हणाले.

ते घुटमळले. मग निकितासमोर जाऊन उभे राहिले. शेतात राबलेले ते जाड हात त्यांनी वर केले आणि ते तसेच हवेत राहिले, कारण 'तुला आवडला का' याची खूण त्यांना येत नव्हती. निकितानं त्यांचे हात आपल्या हातात घेतले आणि ती खूण कशी करायची ते त्यांना दाखवलं. त्यांनी ती केली, वेडीवाकडी. तिनं उत्तर दिलं, आणि ते कळायला त्यांना कुणाचीच गरज लागली नाही.

रविवारी मी तांड्यावर नव्हते. पण त्या पंगतीची गोष्ट हिरामणभाऊंनी मला दुकानात येऊन इतक्या वेळा सांगितली आहे की मी तिथे होते असंच वाटतं. मुलाचे मामा सगळ्यांदेखत त्यांना म्हणाले, "बोला जाधव, पोरीकडून होकार समजायचा नं?" उत्तर त्यांना ठाऊक होतं, तोंडही उघडलं होतं. तरी ते म्हणाले, "थांबा जी, तिले इचारतो," आणि भरल्या अंगणात उठून लेकीच्या हातांसमोर जाऊन बसले.